अर्जावर नाव कोणाचे?

(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण वर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

खेड्यापाड्यांत जमिनीचा व्यवहार करावयाचा झाला, तर अक्षरओळख नसलेला माणूसही सातबाराचा उतारा पाहिल्याशिवाय इसाराची रक्कम हातची सोडीत नाही. उताऱ्यावर नाव कोणाचे आहे, इतर हक्कांत कोणत्या सोसायटीचा अथवा बँकेचा बोजा आहे, विकणारा खरोखरच मालक आहे काय, याची खातरजमा तो चार जाणत्या माणसांकडून करून घेतो. हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेले आहे. परंतु त्याच घरातील मुलगा वा मुलगी शिक्षणासाठी, नोकरीसाठी अथवा कायम वास्तव्यासाठी परदेशी जाण्यास निघाली, म्हणजे मात्र या शहाणपणाचा विसर पडतो. जमीन गहाण ठेवून, दागिने मोडून किंवा पतसंस्थेचे कर्ज काढून उभी केलेली रक्कम शहरातील एखाद्या झगमगीत कार्यालयात, दारावरील पाटीच्या भरवशावर देण्यात येते. पाटीवर ‘इमिग्रेशन तज्ज्ञ’ असे लिहिलेले असते. त्या माणसास हे काम करण्याचा अधिकार आहे काय, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही.

हा प्रश्न विचारणे किती निकडीचे आहे, हे कॅनडा या देशाच्या उदाहरणावरून चांगले समजते. शिक्षण, नोकरी व स्थायिक होणे या तिन्ही कारणांसाठी भारतीयांची तेथे मोठी ये-जा आहे. शिवाय अर्जदाराच्या वतीने काम कोणी करावे, याविषयी तेथील कायदा अगदी स्पष्ट आहे.

२०२३ चा धडा

२०२३ मध्ये कॅनडात गेलेल्या अनेक भारतीय विद्यार्थ्यांवर एक विलक्षण आपत्ती कोसळली. त्यांपैकी बहुतेक पंजाबमधून गेलेले होते. ज्या महाविद्यालयांच्या प्रवेशपत्रांच्या आधारे त्यांना व्हिसा मिळाला होता, ती प्रवेशपत्रे बनावट असल्याचे तपासात आढळून आले. काहींनी तेथे पोहोचल्यावर दुसऱ्या महाविद्यालयात प्रवेश घेऊन शिक्षण पूर्ण केले होते, काही नोकरीस लागले होते. कायम वास्तव्यासाठी अर्ज केल्यानंतर, म्हणजे काही वर्षांनी, हे प्रकरण बाहेर आले आणि देशाबाहेर घालविण्याच्या कारवाईस त्यांना तोंड द्यावे लागले. आपण दलालावर विसंबून राहिलो, प्रवेशपत्र खोटे आहे याची कल्पना नव्हती, असे त्यांचे म्हणणे होते.

जून २०२३ मध्ये कॅनडा सरकारने या प्रकरणांची एकेक करून छाननी करण्यासाठी कृतिदल नेमले आणि जे विद्यार्थी खरोखर शिक्षणासाठी आले होते व ज्यांना फसवणुकीची जाणीव नव्हती, त्यांना तेथे राहू देण्याची तयारी दर्शविली. १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्र खरे असल्याची खात्री संबंधित शिक्षणसंस्थेकडून थेट करून घेण्याची पद्धत सुरू झाली. या प्रकरणातील एका दलालाने कॅनडातील न्यायालयात गुन्हा कबूल केला व २०२४ मध्ये त्यास कारावासाची शिक्षा झाली.

परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. अशा प्रकरणांत दलालाचे नाव अर्जावर बहुधा कोठेच नसते. कागदोपत्री अर्ज विद्यार्थ्याने स्वतःच भरलेला असतो, स्वाक्षरी त्याची असते आणि खोटे कागद सादर करणाराही कायद्याच्या दृष्टीने तोच ठरतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण येथे शब्दशः खरी होते. ज्याने पैसे घेतले आणि कागद तयार केले, तो पडद्याआड राहतो. ज्याचे नाव अर्जावर, जबाबदारी त्याचीच, हा कायद्याचा साधा न्याय आहे. म्हणूनच प्रतिनिधी निवडताना पहिली कसोटी हीच असली पाहिजे, की हा माणूस आपले नाव व परवाना क्रमांक अर्जासोबतच्या कागदावर लिहून देण्यास तयार आहे काय?

कायद्याने पात्र कोण?

कॅनडाचा आप्रवासन व निर्वासित संरक्षण कायदा २००१ मध्ये संमत झाला आणि २००२ मध्ये अमलात आला. त्याच्या ९१ व्या कलमान्वये मोबदला घेऊन आप्रवासनविषयक अर्जाबाबत सल्ला देण्याचा किंवा अर्जदाराचे प्रतिनिधित्व करण्याचा अधिकार ठरावीक व्यक्तींनाच आहे. पहिला वर्ग कॅनडातील एखाद्या प्रांताच्या विधिज्ञ मंडळाचे सदस्य असलेल्या वकिलांचा, तसेच ज्या प्रांतात मान्यता आहे तेथील पॅरालीगल म्हणजे परवानाधारक विधिसाहाय्यकांचा. दुसरा वर्ग क्वेबेक प्रांतातील नोटरी मंडळाच्या सदस्यांचा. तिसरा वर्ग ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’ या वैधानिक संस्थेच्या परवानाधारक सल्लागारांचा. नावात ‘कॉलेज’ असले तरी ही शिक्षणसंस्था नव्हे. आपल्याकडे डॉक्टरांची नोंदणी व शिस्त पाहणारी वैद्यक परिषद असते, तशा स्वरूपाची ती सल्लागारांची नियामक संस्था आहे.

यांखेरीज अन्य कोणी जाणूनबुजून मोबदला घेऊन, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे, असे काम केले तर तो गुन्हा ठरतो. त्यासाठी जबर दंडाची व दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. अर्ज दाखल होण्यापूर्वीच्या सल्ल्यासही हे बंधन लागू आहे. म्हणजे ‘अर्ज तुम्हीच भरा, आम्ही फक्त मार्गदर्शन करतो’ असे सांगून शुल्क घेणाराही या कलमातून सुटत नाही.

घरातील नातेवाईक, मित्र किंवा सेवाभावी संस्था यांना विनामोबदला मदत करता येते. मात्र त्यांनी पैसा किंवा अन्य कोणताही लाभ घेता कामा नये, आणि ते अर्जदाराच्या वतीने विभागाशी व्यवहार करणार असतील, तर त्यांचेही नाव विहित नमुन्यात कळवावे लागते.

ही व्यवस्था एका दिवसात उभी राहिलेली नाही. वकील नसलेल्या सल्लागारांनी शुल्क घेऊन आप्रवासन मंडळापुढे उभे राहावे काय, हा वाद कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २००१ मधील मंगट खटल्यात न्यायालयाने असे ठरविले, की संघीय कायद्याने दिलेली ती मुभा वैध आहे. मुभा आली म्हणजे नियमनही आले. २००४ पासून एका संस्थेकडे, २०११ पासून तिच्या जागी दुसऱ्या संस्थेकडे हे नियमन सोपविण्यात आले. तथापि दोन्ही प्रयत्न अपुरे पडले. २०१७ मध्ये संसदीय समितीने नवी, अधिक सबळ व्यवस्था उभारण्याची शिफारस केली. त्यानंतर २०१९ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये आजची नियामक संस्था कामास लागली. नव्या सल्लागारांना आता विद्यापीठाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम व त्यानंतर परवाना परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. त्यांना व्यावसायिक आचारसंहिता पाळावी लागते, आणि तक्रार सिद्ध झाल्यास परवाना निलंबित वा रद्द होऊ शकतो.

पात्र कोण नाही?

ज्यांचा गोंधळ सर्वांत अधिक होतो, अशी काही मंडळी येथे स्पष्ट केली पाहिजेत. भारतात वकिली करणारे विधिज्ञ १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाखाली येथील न्यायालयांत काम करण्यास पात्र असतात. केवळ त्या सनदेच्या बळावर कॅनडाच्या अर्जासाठी शुल्क घेऊन प्रतिनिधी होता येत नाही. आपल्याकडील नोटरी कागद साक्षांकित करतात. क्वेबेकमधील नोटरी हा पूर्ण शिक्षित विधिज्ञ असतो. दोघांचे नाव एक असले तरी काम एक नाही.

परदेशी महाविद्यालयांत प्रवेश मिळवून देणारे शैक्षणिक दलाल महाविद्यालयाची निवड व प्रवेश अर्ज यांत साहाय्य करू शकतात. परंतु विद्यार्थ्याच्या अध्ययन परवान्याबाबत मोबदला घेऊन सल्ला देणे अथवा प्रतिनिधी होणे, हे परवान्याशिवाय त्यांना करता येत नाही. हा मोबदला विद्यार्थ्याऐवजी महाविद्यालयाकडून दलाली म्हणून मिळत असला, तरी अधिकाराचा प्रश्न संपत नाही.

१९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमाखाली नोंदविलेले भरती दलाल ही आणखी एक निराळी व्यवस्था आहे. परदेशी मालकासाठी भारतातून कामगार भरती करण्याकरिता ही नोंदणी असते आणि नोकरीसाठी जाणाऱ्याने ती अवश्य तपासावी. तिच्यामुळे कॅनडाच्या कायद्याचा सल्ला देण्याची पात्रता येत नाही. तसेच व्हिसा अर्ज केंद्रांचे काम अर्ज स्वीकारणे, बोटांचे ठसे घेणे व पारपत्र परत करणे एवढ्यापुरते असते. तेथील कर्मचारी निर्णय करीत नाहीत आणि त्यांना आप्रवासनाचा सल्लाही देता येत नाही. भाषांतर, टंकलेखन, छायाचित्रे, टपाल अशा सेवा कोणीही पुरवाव्या. त्या सेवेच्या आडून सल्ला विकू नये, इतकेच.

सल्लागाराचा सातबारा

जमिनीचा उतारा जसा पाहता येतो, तशी सल्लागाराची नोंदही पाहता येते आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही. नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर परवानाधारकांची सार्वजनिक नोंदवही आहे. प्रांतोप्रांतीच्या विधिज्ञ मंडळांच्या संकेतस्थळांवर वकिलांच्या सूची आहेत. नाव, परवाना क्रमांक, परवान्याचा वर्ग व सद्यःस्थिती यांची नोंद त्यांत मिळते. सल्लागाराचा क्रमांक साधारणतः ‘आर’ या इंग्रजी अक्षराने सुरू होतो.

तथापि केवळ नाव सापडले म्हणजे काम संपले, असे समजू नये. पहिली गोष्ट, परवाना आज चालू आहे काय, की निलंबित अथवा रद्द झालेला आहे, हे पाहावे. दुसरी गोष्ट, समोर बसलेली व्यक्ती हीच परवानाधारक व्यक्ती आहे काय, याची खात्री करावी. परवाना व्यक्तीस मिळतो. एखाद्या कार्यालयात परदेशस्थ परवानाधारकाचे प्रमाणपत्र चौकटीत लावलेले असते, परंतु सल्ला देणारा भलताच असतो. तिसरी गोष्ट, एखाद्याच्या परवाना क्रमांकाचा दुसरा कोणी गैरवापर करीत असण्याचा संभव ध्यानात ठेवावा. म्हणून छापील पत्रिकेवरील दूरध्वनीवर विसंबू नये. नोंदवहीत दिलेल्या पत्त्यावर वा दूरध्वनीवर स्वतंत्रपणे संपर्क साधून, ‘हे प्रकरण आपणच हाताळणार आहात काय’, असे विचारावे. खऱ्या व्यावसायिकास या चौकशीचा राग येत नाही.

अर्जदार क्वेबेक प्रांताच्या स्वतःच्या योजनेतून जाऊ इच्छित असेल, तर सल्लागारास त्या प्रांताची वेगळी मान्यता लागते. तीही तपासावी.

वकील की सल्लागार?

पात्र व्यक्तींचा शोध लागल्यानंतर त्यांतून योग्य व्यक्ती कोणती, हा दुसरा प्रश्न येतो. तत्पूर्वी हेही सांगितले पाहिजे, की प्रतिनिधी नेमणे मुळीच बंधनकारक नाही. कॅनडाच्या आप्रवासन विभागाचे सर्व नमुने व मार्गदर्शिका विनामूल्य उपलब्ध आहेत. प्रतिनिधीमार्फत आलेल्या अर्जास अग्रक्रम मिळत नाही. ज्याचे शिक्षण, अनुभव व कौटुंबिक स्थिती सरळ आहे आणि ज्यास इंग्रजी वा फ्रेंच नीट वाचता येते, त्याने स्वतःच अर्ज केल्यास काही बिघडत नाही.

जेथे गुंतागुंत आहे, तेथे मात्र जाणकार हवा. पूर्वी व्हिसा नाकारला गेला असेल, गुन्ह्याची नोंद असेल, घटस्फोटानंतर मुलांच्या ताब्याचा प्रश्न असेल किंवा आजारपणाचा मुद्दा असेल, तर पात्र सल्लागार अथवा वकील यांचे साहाय्य घेणे हितावह. आप्रवासन व निर्वासित मंडळापुढील कामासाठी सल्लागाराच्या परवान्याचा विशेष वर्ग असतो. संघीय न्यायालयात दाद मागावयाची असेल, तर तेथे सल्लागार उभा राहू शकत नाही, वकीलच लागतो. कॅनडाबाहेर झालेल्या निर्णयाविरुद्ध त्या न्यायालयाकडे जाण्याची मुदत सामान्यतः साठ दिवसांची आणि देशात झालेल्या निर्णयाबाबत पंधरा दिवसांची असते. नकारपत्र हाती पडल्यावर ‘पुन्हा अर्ज करू, काळजी नको’ असे म्हणत महिनेच्या महिने घालविणारा सल्लागार अर्जदाराचा हा हक्क हातचा घालवितो.

करार, शुल्क आणि आश्वासने

काम सुरू होण्यापूर्वी लेखी करार व्हावयास हवा. कोणते काम करावयाचे, ते कोण करणार, शुल्क किती, ते किती हप्त्यांत द्यावयाचे, काम अर्धवट राहिल्यास परतावा काय, आणि प्रतिनिधीचा परवाना क्रमांक कोणता, एवढे त्यात स्पष्ट असावे. परवानाधारकास आचारसंहितेनेच असा लेखी करार बंधनकारक आहे. प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. पावतीशिवाय रोख रक्कम मागणारा माणूस पुढे ती मिळाल्याचे नाकारू शकतो.

सरकारी शुल्क आणि प्रतिनिधीचे शुल्क यांची सरमिसळ होऊ देऊ नये. अध्ययन परवान्याच्या अर्जाचे सरकारी शुल्क १५० कॅनेडियन डॉलर आणि बोटांच्या ठशांचे व छायाचित्राचे शुल्क व्यक्तीमागे ८५ डॉलर, असे विभागाने जाहीर केलेले दर आहेत. हे दर वेळोवेळी बदलतात, म्हणून ते विभागाच्या संकेतस्थळावरच पाहावेत. या आकड्यांशी लाखांच्या ‘सरकारी फी’ची तुलना करून पाहिली, म्हणजे पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात.

नोकरीचे पत्र विकत घेण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. परदेशी कामगार घेण्यापूर्वी तेथील मालकास बहुधा श्रमबाजार परिणाम मूल्यांकन करून घ्यावे लागते. त्यासाठी प्रत्येक जागेमागे असलेले एक हजार डॉलरचे शुल्क मालकाने स्वतः भरावयाचे असते, ते कामगाराकडून वसूल करता येत नाही. पूर्वी अशा नोकरीच्या प्रस्तावास ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ या गुणपद्धतीत ५० किंवा २०० जादा गुण मिळत. हे गुण २५ मार्च २०२५ पासून बंद झाले आहेत. तरीही त्या गुणांचे आमिष दाखवून कोणी पत्र विकत असेल, तर तो अस्तित्वात नसलेली वस्तू विकत आहे. विद्यार्थ्यांसाठी असलेली ‘स्टुडंट डायरेक्ट स्ट्रीम’ ही जलद योजनाही ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बंद झाली. नियम असे झपाट्याने बदलत असल्यामुळे सल्लागाराचे ज्ञान ताजे असणे अगत्याचे आहे. गेल्या वर्षी कोणाचे काम झाले, यावरून या वर्षीचा अंदाज बांधता येत नाही.

‘शंभर टक्के हमी’ हे शब्द कानी पडताच तेथून उठावे, हे उत्तम. व्हिसा देण्याचा निर्णय सरकारी अधिकारी करतो. परवानाधारकास निकालाची हमी देण्यास आचारसंहितेने मनाई आहे. जो हमी देतो, तो एकतर नियम जाणत नाही किंवा नियम मोडीत आहे.

स्वाक्षरीपूर्वी

अर्ज कोणीही भरला असो, त्यातील मजकुराची जबाबदारी अर्जदाराची असते. समजा, जिल्ह्याच्या रुग्णालयात तीन वर्षे काम केलेल्या एखाद्या परिचारिकेने कायम वास्तव्यासाठी अर्ज केला. गुण वाढावेत म्हणून सल्लागाराने अनुभवाची वर्षे तीनाची सहा केली आणि तसा दाखलाही जोडला. तिने न वाचता स्वाक्षरी केली. पुढे अधिकाऱ्याने रुग्णालयाकडे चौकशी केली, तर ४० व्या कलमान्वये ही असत्य माहिती ठरते आणि तिला पाच वर्षे कॅनडाची दारे बंद होतात. एवढ्याने भागत नाही. अन्य अनेक देशांच्या अर्जांतही ‘पूर्वी कोणत्या देशाने व्हिसा नाकारला आहे काय’ हा प्रश्न असतो, आणि त्याचे खरे उत्तर तिला प्रत्येक वेळी द्यावे लागते. तिचा प्रत्यक्षातला तीन वर्षांचा अनुभव कदाचित दुसऱ्या योजनेत पुरेसा ठरला असता. खोट्या तीन वर्षांनी खऱ्या तीन वर्षांचेही मोल घालविले.

म्हणून कोऱ्या कागदावर वा अपुऱ्या नमुन्यावर स्वाक्षरी करू नये. संपूर्ण अर्ज वाचावा, इंग्रजी समजत नसल्यास गावातील शिक्षकाकडून मराठीत समजावून घ्यावा आणि सादर केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत आपल्याजवळ ठेवावी. मूळ प्रमाणपत्रे व पारपत्र कोणाच्याही कपाटात ठेवू नयेत. अर्जात आपला स्वतःचा ई-मेल पत्ता व दूरध्वनी द्यावा. अर्जदाराच्या नावाने ई-मेल खाते उघडून त्याचा सांकेतिक शब्द आपल्याजवळ ठेवणारा माणूस सरकारचे पत्र अर्जदारापर्यंत पोहोचू द्यावयाचे की नाही, हे स्वतः ठरवू लागतो.

आपल्या न्यायालयांत वकील नेमताना वकीलपत्र द्यावे लागते, त्याच धर्तीवर कॅनडाच्या अर्जासोबत प्रतिनिधी नेमल्याचा ५४७६ क्रमांकाचा नमुना असतो. त्यात प्रतिनिधीचे नाव, तो कोणत्या संस्थेचा सदस्य आहे आणि त्याचा क्रमांक ही माहिती भरून दोघांनी स्वाक्षरी करावयाची असते. प्रतिनिधी बदलावयाचा वा काढावयाचा असल्यास त्याच नमुन्याने तसे कळविता येते. मोबदला घेणारा प्रतिनिधी या नमुन्यातून वगळला जाणे नियमाविरुद्ध आहे, आणि अनधिकृत प्रतिनिधी आढळल्यास अर्ज परत केला जाऊ शकतो किंवा नाकारला जाऊ शकतो. ‘आमचे नाव घालण्याची गरज नाही, त्याने संशय येतो’ असे सांगणाऱ्याकडे काम देऊ नये. सल्ला देण्यास पुढे आणि नाव देण्यास मागे, अशा उंटावरच्या शहाण्यांपासून दूर राहिलेले बरे.

इतर देशांची पद्धत

अन्य देशांतही अशाच व्यवस्था आहेत, मात्र त्यांची व्याप्ती सारखी नाही. न्यूझीलंडमध्ये २००७ च्या कायद्यान्वये आप्रवासन सल्लागारास परवाना लागतो. २०१० पासून हे बंधन जगात कोठेही बसून सल्ला देणाऱ्यास लागू आहे. त्यातून तेथील वकील वगळलेले आहेत, आणि न्यूझीलंडबाहेरून केवळ विद्यार्थी व्हिसाचा सल्ला देणाऱ्यांनाही सूट आहे. ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत स्थलांतर अभिकर्त्यांची शासकीय नोंदवही आहे. मार्च २०२१ पासून तेथील पूर्ण सनदधारक वकिलांना वेगळ्या नोंदणीविना हे काम करता येते. मात्र ऑस्ट्रेलियाबाहेर काम करणाऱ्यास नोंदणीची सक्ती नाही. म्हणून येथे राहून सल्ला देणारा त्या नोंदवहीत आहे काय, हे आवर्जून पाहावे.

ब्रिटनमध्ये १९९९ च्या कायद्याने नियामक कार्यालय निर्माण झाले. जानेवारी २०२५ पासून ते ‘इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस ऑथॉरिटी’ या नावाने ओळखले जाते. तेथील सल्लागारांच्या तीन पातळ्या असून प्राथमिक पातळीच्या सल्लागारास गुंतागुंतीची अपिले चालविता येत नाहीत. ब्रिटनमध्ये दिल्या जाणाऱ्या सल्ल्यापुरते हे नियमन आहे. अमेरिकेत सनदधारक वकील आणि न्याय खात्याने मान्यता दिलेले सेवाभावी संस्थांचे प्रतिनिधी हेच हे काम करू शकतात, व त्यांनी जी-२८ हा नमुना दाखल करावयाचा असतो. देश कोणताही असो, नोंदवही त्या देशाची पाहावी आणि नाव अर्जासोबत लिहून घ्यावे, हे दोन नियम सर्वत्र उपयोगी पडतात.

फसवणूक झाल्यास

फसवणूक झाल्याचे कळताच लाजेपोटी गप्प बसू नये. प्रतिनिधी परवानाधारक असेल, तर त्याच्या नियामक संस्थेकडे अथवा विधिज्ञ मंडळाकडे तक्रार करता येते. येथे पैसे घेऊन फसविले असल्यास पोलिसांकडे फिर्याद द्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचा गुन्हा ३१८ व्या कलमात आहे. पैसे ऑनलाइन मार्गाने गेले असतील, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे. अशा वेळी प्रत्येक तास मोलाचा असतो. सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते. या सर्व ठिकाणी करार, पावत्या व संदेश हेच बोलतात. अर्ज अद्याप निर्णयाधीन असेल आणि त्यात चुकीची माहिती गेल्याचे ध्यानात आले असेल, तर पात्र वकिलाच्या सल्ल्याने ती विभागास आपण होऊन कळविणे, हे सापडण्याची वाट पाहण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर.

गावाची जबाबदारी

परदेशी जाण्याचा विचार घरात निघाला, म्हणजे पालक प्रथम मुलाच्या जुन्या शिक्षकाकडे किंवा वॉर्डातील पंचायत सदस्याकडे येतात. दाखले, जन्माची नोंद यांसाठी त्यांना ग्रामपंचायतीची पायरी चढावीच लागते. हा क्षण फार महत्त्वाचा आहे, कारण बहुधा तोपर्यंत मोठी रक्कम दिलेली नसते. शिक्षकाने वा सदस्याने स्वतः सल्लागार होण्याची मुळीच आवश्यकता नाही. कोणत्या देशात जावे, कोणता अभ्यासक्रम घ्यावा, हेही त्याने सांगू नये. त्याने पालकांना शेजारी बसवून शाळेच्या वा ग्रामपंचायतीच्या संगणकावर त्या देशाची नोंदवही उघडावी, सल्लागाराचे नाव शोधावे आणि करार झाला आहे काय, प्रतिनिधीचा नमुना भरला आहे काय, एवढे विचारावे. या कामास अर्धा तास पुरतो. त्या अर्ध्या तासाने एखाद्या घराची जमीन वाचू शकते आणि एखाद्या मुलीची पाच वर्षेही.

परदेशी जाऊन शिकावे, कष्ट करावेत, घराला वर काढावे, ही आकांक्षा अभिमानास्पद आहे. तिला घाबरविणे योग्य नाही, आणि तिच्यापुढे आंधळेपणाने पैसे ओतणेही योग्य नाही. जमिनीच्या व्यवहारात इसार देण्यापूर्वी उतारा पाहण्याची जी सवय महाराष्ट्राच्या खेड्यांना आहे, तीच सवय परदेशगमनाच्या अर्जालाही लागावी. त्याची सुरुवात गावातील शाळेत आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात होऊ शकेल.